न घेतलेली उजळणी

समोसा हातात आला की सर आधी तो पालथा घालून बघत. मग बशीतला दुसरा उचलत, पहिल्याच्या शेजारी धरत, तिन्ही कोपरे ताडून पाहत आणि चहावाल्याला सांगत, "हे दोन समरूप हायत. एकरूप न्हाईत." वर्षानुवर्षं ऐकून चहावाल्यालाही त्याचा अर्थ पाठ झाला होता. आकार तोच, पण एक मोठा आणि एक लहान. तो निमूटपणे मोठा समोसा सरांच्या बशीत ठेवी आणि लहान माझ्या.

कंधारच्या बसस्टँडसमोरचं ते हॉटेल. शाळा तिथून पाच मिनिटांवर. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी नुकतीच तिथं शिक्षणसेवक म्हणून लागले होते. गणिताला आम्ही दोघंच. सर पन्नाशी ओलांडलेले, नववी-दहावीला भूमिती शिकवणारे. मी चोवीस वर्षांची, पाचवी ते आठवीवर नेमलेली. त्यांच्या मुलीच्या वयाची होते मी, तरी त्यांनी कधी मला नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून "मॅडम".

सरांचं घर मुदखेडला. कंधारात एक खोली भाड्यानं घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावी जात. सोमवारी परत येताना त्यांच्या पिशवीत डब्याशिवाय आणखी एक गोष्ट हमखास असे. लग्नपत्रिका. गेल्या सराईतल्या, शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या, ज्या कुणी टाकून देणार असेल त्याच्याकडून मागून आणलेल्या. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात त्या पत्रिका साठवलेल्या असत. एकरूपतेचं प्रकरण आलं की डबा वर्गात जाई आणि सगळी पोरं कात्र्या घेऊन बसत. जाड कागदाचे दोन-दोन त्रिकोण कापायचे. एक बाकावर ठेवायचा, दुसरा त्याच्यावर.

"उचला. ठिवा. बसला का?" सर बाकांमधून फिरत विचारत. "बसला तर एकरूप. न्हाई बसला तर का न्हाई बसला ते सांगा." बसत नसला तर सरकवायला, फिरवायला, उलटा करायला परवानगी होती. कापायला मात्र नव्हती. पोरांच्या बोटांना पत्रिकांवरची हळद लागे, आणि तास संपल्यावर वर्गात लग्नघरासारखा वास राही.

अक्षरांच्या क्रमाबद्दल ते फार कडक होते. एक त्रिकोण दुसऱ्याशी एकरूप आहे असं लिहिताना पहिल्याचा कुठला कोपरा दुसऱ्याच्या कुठल्या कोपऱ्यावर बसतो, त्याच क्रमानं नावं लिहायची असतात. बहुतेक मास्तर तिकडं काणाडोळा करतात. सर करत नसत. उत्तर बरोबर आणि क्रम चुकलेला असेल तर ते तीच लग्नपत्रिका उचलून पोराच्या नाकासमोर धरत. "ही नावं पुढंमागं छापली तर नवरदेव भलत्याच घरी जाऊन बसंल. मग कुणाला धरायचं? छापणाऱ्याला." पोरं हसत, आणि क्रम पक्का होई.

फळ्यावर त्यांनी कधी पाया खाली ठेवलेला, शहाण्यासारखा बसलेला त्रिकोण काढला नाही. सगळे त्रिकोण कलंडलेले, उलटे टांगलेले, एका टोकावर उभे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, सरळ बसलेला माणूस कुणीपण ओळखतंय, झोपलेला ओळखता आला पाहिजे.

त्यांच्या चपलांची गोष्ट तर शाळेत कितीतरी वर्षं सांगितली जायची. आकृती उलटी केली तरी ती एकरूपच राहते हे काही पोरांना पटत नव्हतं. सरांनी टेबलामागं उभं राहून पायातल्या दोन्ही चपला काढल्या आणि तळव्याला तळवा लावून वर्गासमोर धरल्या. डावी आणि उजवी. शेजारी ठेवल्या तर वेगळ्या, पण एक उलटवून दुसरीवर ठेवली की तंतोतंत बसतात. नेमक्या त्याच वेळी तपासणीला आलेले साहेब मोठ्या सरांबरोबर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांबरोबर, दारात उभे राहिले. चपला उगारून उभा असलेला शिक्षक आणि खिदळणारी पोरं. सरांनी चपला खाली न ठेवताच साहेबांना सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शेरेबुकात लिहून गेले, 'अध्यापनात पादत्राणांचा वापर टाळावा.' तो शेरा सर स्वतःच सगळ्यांना वाचून दाखवत.

मात्र त्यांची खरी अडचण चपला नव्हत्या. ते फार हळू शिकवत. वर्गातल्या शेवटच्या पोराला कळल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तसंच चाले. मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी दहावीत अंजना नावाची एक मुलगी होती. कंधारजवळच्या खेड्यातून रोज बसनं यायची. शेतकऱ्याची पोर, अक्षर सुंदर, पाठांतर चोख. पण समरूप त्रिकोणांत कुठली बाजू कुठल्या बाजूसमोर येते हे तिला काही केल्या दिसत नव्हतं. ती पाठ केलेलं लिही आणि आकृती फिरवली की गडबडून जाई. सरांनी तिच्यासाठी आठ-दहा दिवस वर्ग त्याच धड्यावर ठेवला. हुशार पोरं कंटाळली. त्यांच्या घरी कुजबुज सुरू झाली.

मग एके दिवशी सरांनी वर्ग किल्ल्याच्या खंदकावर नेला. मुलींवर लक्ष ठेवायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. खंदकात पाणी होतं. पलीकडच्या काठावर, तटाला लागून लिंबाचं एक झाड. सर म्हणाले, "पाण्यात न उतरता खंदकाची रुंदी सांगायची."

त्यांनी एका पोराला झाडाच्या बरोब्बर समोर, अलीकडच्या काठावर उभं केलं. तिथून काठाकाठानं वीस पावलं चालून एक काठी रोवली. त्याच रेषेत आणखी वीस पावलं. मग तिथून अंजनाला खंदकाकडं पाठ करून सरळ रानात चालायला लावलं. सारखं मागं वळून बघायचं आणि काठी आणि पलीकडचं झाड एका रेषेत दिसली की थांबायचं. ती चालत गेली, वळली, पुन्हा चालली, वळली आणि थांबली. सर तिच्यापाशी गेले नाहीत. लांबूनच त्यांनी विचारलं, "आता तू किती चाललीस?"

तिनं पावलं मोजत परत येऊन सांगितलं, एकोणतीस. आणि मग तिथंच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा बदल मी बघत होते. पाण्यावरचा एक त्रिकोण आणि रानातला एक. मधली काठी दोघांची. वीस पावलं इकडं, वीस पावलं तिकडं.

"सर," ती म्हणाली, "मी खंदकच चालले की."

 सरांनी काठी उपटली, धोतराच्या सोग्याला पुसतात तशी पँटला पुसली आणि शाळेची वाट धरली. त्या दिवसानंतर अंजनाला कुठलीही आकृती कशीही फिरवून द्या, ती अडत नव्हती. तीच काय, सगळा वर्ग अडत नव्हता.

सहामाहीचा निकाल मात्र वाईट लागला. पेपर सगळ्या धड्यांवर होता आणि सरांचे सातपैकी दोनच धडे झाले होते. दिवाळीनंतर शाळा उघडली तसे दोन-तीन पालक मोठ्या सरांकडं आले. लातूरच्या क्लासची पोरं दुसऱ्यांदा पुस्तक संपवून राहिलीत आणि आमची खंदकावर फिरून राहिलीत, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. विषय एकच असल्यानं मी लेखी द्यावं, दहावीचा भूमितीचा अभ्यासक्रम किती झाला ते.

मला ठाऊक होतं ते सगळं मी लिहू शकले असते. आदल्या वर्षीही दिवाळीपर्यंत दोनच धडे झाले होते आणि जानेवारीत सातही संपले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाया पक्का झाला की पुढचे धडे सर भराभर घेत. या वर्षीसुद्धा सकाळी सातला जादा तास घ्यायचं त्यांनी पोरांशी ठरवलं होतं, हे त्यांनी मला त्याच हॉटेलात चहा पिताना सांगितलं होतं. यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही. 'इयत्ता दहावी, भूमिती, सातपैकी दोन प्रकरणे पूर्ण.' एवढी एक ओळ आणि खाली सही.

मला दहावी हवी होती. दहावीला शिकवलं की गावात नाव होतं. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मला वाटत होतं, मी खरं तेच लिहिलंय.

मोठ्या सरांनी तो कागद माझ्यासमोरच सरांच्या हातात दिला. सरांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाले, "बराबर हाय. दोनच झालीत." माझ्याकडं त्यांनी रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दहावी माझ्याकडं आली आणि माझे वर्ग त्यांच्याकडं गेले. मधल्या सुट्टीत त्यांनी मला एक शंभर पानी वही आणून दिली. त्यात दहावीतल्या प्रत्येक पोराचं नाव आणि ते कुठं अडतं हे लिहिलेलं होतं. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. उघडून पाहायला मला फुरसत झाली नाही.

पाच धडे मी तीन महिन्यांत संपवले. फारसा त्रास पडला नाही. समरूपतेचा धडा परत घ्यावा म्हणून एकदा पुस्तक उघडलं होतं, तर मी फळ्यावर आकृती पुरी करायच्या आत पोरं उत्तर सांगू लागली. पुस्तक मिटलं आणि पुढं गेले. पुढच्या सगळ्या धड्यांतही तेच. कुठं दोन त्रिकोण दिसले की पोरं आपणहून वाट काढत. मी नुसती बरोबर चालत होते.

बोर्डाचा निकाल लागला. शाळेचा भूमितीचा निकाल त्याआधी इतका चांगला कधी लागला नव्हता. शाळेच्या मैदानावर सत्कार झाला, मला शाल आणि नारळ मिळाला, गावातल्या पेपरात फोटो आला. माझं भाषण झालं. त्यात मी संस्थेचे, मोठ्या सरांचे, पालकांचे आभार मानले. सर तिसऱ्या ओळीत बसले होते. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला सायकलींच्या शेडपाशी गाठलं. थोडा वेळ निकालाचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? समरूपता तुम्ही परत घेतली का पोरांची?"

शाल माझ्या खांद्यावर होती. घेतली नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. घ्यावीच लागली नाही. तीन शब्दांचं काम होतं.

"हो सर," मी म्हणाले. "पूर्ण उजळणी घेतली. पहिल्यापासून."

"तरीच," ते म्हणाले. मग मान हलवत राहिले, जणू बरेच दिवस अडलेलं एखादं गणित सुटलं होतं. "मला वाटूनच राहिलं होतं, माझ्याकडून ते पोचलं नसणार. बरं झालं तुम्ही होता. न्हाईतर पोरांचं वर्ष गेलं असतं माझ्यापायी."

 घरी जाऊन शाल घडी करून ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पत्रिकांचा डबा स्टोअररूममध्ये मोडक्या बाकांमागं गेलेला होता. सर आठवीला एकरूपता शिकवत होते. मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं. फळ्यावर दोन त्रिकोण, दोन्हींचा पाया खाली, दोन्ही एकाच बाजूला तोंड करून. शेजारी कसोट्यांची यादी लिहिलेली, आणि पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती. वर्गात आवाज नव्हता. त्या वर्षी सरांचा अभ्यासक्रम सगळ्यांच्या आधी संपला. मोठ्या सरांनी स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक केलं, तेव्हा सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, मॅडमकडून शिकलो.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "या वर्षी खंदकावर नेणार का पोरांना?"

"खामखा वेळ जातो," ते म्हणाले. समोर समोसे आले होते. त्यांनी जवळचा उचलला आणि खायला लागले.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. पण मला तोवर लातूरच्या एका मोठ्या क्लासकडून निरोप आला होता, महिनाभरात मी जाणार होते, आणि जाता जाता आपली इज्जत कशाला घालवा असं वाटलं. मनात म्हटलं, पुढं कधीतरी निवांत भेटू तेव्हा सांगू.

लातुरात माझं बरं चाललं. एका बॅचला दीड-दोनशे पोरं, मागच्यांना दिसावं म्हणून भिंतीवर स्क्रीन. दोन त्रिकोण दिसले की गुणोत्तर मांडा, चार पर्यायांपैकी एक निवडा, पुढचा प्रश्न. पोरं विचारत नाहीत, मी थांबत नाही. अधूनमधून एखादं पोर पाठ केलेलं बरोबर सांगतं आणि आकृती फिरवली की गडबडतं. त्याच्यासाठी मी वर्ग थांबवलेला नाही. दीडशे जण असतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या रानाची मोजणी निघाली. शेजाऱ्याशी बांधावरून कुरबूर होती, म्हणून भावानं अर्ज केला होता. भूमी अभिलेखच्या ऑफिसातून मोजणीसाठी एक बाई आल्या. डोक्याला रुमाल, पायात बूट, हातात यंत्र. मी बांधावर उभी होते. त्यांनी दोनदा माझ्याकडं पाहिलं आणि जवळ येऊन पायाला हात लावला. अंजना होती.

मोजणी संपल्यावर आम्ही बाभळीखाली चहा घेतला. तिनं नकाशा पसरून भावाला आणि शेजाऱ्याला हद्दीच्या खुणा दाखवल्या. कागदावरचं रान आणि हे रान समरूप आहे, कोन तेच, फक्त बाजू लहान झाल्यात, हे तिनं इतकं सोपं करून सांगितलं की दोघंही भांडायचं विसरून माना डोलवू लागले. मी सहज बोलून गेले, छान समजावतेस.

"सरांची कृपा," ती म्हणाली. मग हसली. "राग मानू नका मॅडम. तुम्ही पुढचं सगळं शिकवलंत. पण समरूपता तुम्ही आम्हाला शिकवलीच न्हाई. ती आम्हाला येत होती."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. सर कसे आहेत, तिनं विचारलं. कंधार सोडल्यापासून मी त्यांना भेटलेच नव्हते. त्यांना भेटायला जायचं जायचं म्हणते आणि राहूनच जातं, असं ती म्हणाली. मीही तेच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी मुदखेडला गेले. स्टेशनपासून विचारत विचारत घर सापडलं. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. सत्तरीचे झालेत, वाळलेत, एका कानानं कमी ऐकू येतं. पण मला लगेच ओळखलं. "मॅडम," म्हणत उठायला लागले. सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मला बसवलं आणि भिंतीतल्या कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं एक कात्रण काढून आणलं. शालीतला माझा फोटो.

मी फार वेळ लावला नाही. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. त्या कागदावर काय लिहिलं नव्हतं ते. उजळणी घेतली नव्हती ते. पोरांना आधीच सगळं येत होतं, निकाल तुमचा होता, मी खोटं बोलले, हे एकदा नाही, दोनदा सांगितलं. अंजना आज काय काम करते आणि काय म्हणाली तेही सांगितलं.

 माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"एवढ्या लांबून माझं मन राखायला आलात," ते म्हणाले. "लई मोठं मन हाय तुमचं."

"सर, मन राखायला नाही. हे असंच झालंय."

"हाव," ते हसले. लहान मुलाच्या म्हणण्याला मोठी माणसं म्हणतात तसं. "अंजनाचं ऐकून बरं वाटलं. दहावीला तुम्हीच होता ना तिला?"

मी हो म्हणून मान हलवली.

आतून त्यांची नात आली. आठवीत आहे. हातात भूमितीची वही, उद्या चाचणी. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे दाखवायचं होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. ती आजोबांकडं आली होती. मी म्हटलं, "आजोबांना विचार. त्यांच्यासारखं कुणी सांगत नाही."

सरांनी वही हातात घेतली, थोडा वेळ आकृतीकडं पाहिलं आणि माझ्यापुढं केली.

"मॅडम आल्यात, त्यांना विचार," ते नातीला म्हणाले. "मी घोळ घालतो. पोरांचं नुकसान होतं."

मी पुन्हा नको म्हणाले. ते वही तशीच धरून राहिले, म्हणून शेवटी मी घेतली. दोन बाजू आणि मधला कोन, तिसऱ्या मिनिटाला गणित सुटलं. पोरीनं उतरवून घेतलं. तिला कळलं की नाही मी विचारलं नाही. सर खुर्चीत पुढं वाकून, चांगला कान माझ्याकडं करून, वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखे ऐकत होते.

"बघ," ते तिला म्हणाले, "किती झटदिशी झालं. मला हे कधी जमलं न्हाई."